आमच्या विहिरीतले शाकाहारी मासे

तुमच्या आईने लिहिले आहे की तिकडे घरात एक डास शिरला, तर तुम्ही दोघांनी दारे-खिडक्या लावून अर्धा दिवस त्याचा पाठलाग केला. एक डास! अकोल्याच्या आमच्या घरात डास मोजायची पद्धतच नव्हती. आम्ही जेवायला बसलो की तेही बसत. फक्त त्यांच्यासाठी पाट मांडावे लागत नसत, एवढाच काय तो आराम.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि सगळे हुकूम नागपुराहून येत. हिवताप मात्र आमच्या परसातच तयार होई. हे आम्हाला पुढे कळले. त्याआधी आमच्याकडे हिवतापाची दोन कारणे प्रसिद्ध होती. भादव्यात काकडी खाणे हे एक, आणि मुलीच्या जातीने इंग्रजी वाचणे हे दुसरे. दोन्ही शोध माझ्या आजीचे. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, तुमची खापरपणजी. मी काकडीही खाल्ली होती आणि इंग्रजीही वाचत होते, त्यामुळे आश्विनात मला थंडी वाजून आली तेव्हा घरात कोणाला नवल वाटले नाही.

माझा ताप एक दिवसाआड यायचा, आणि मी घड्याळ लावावे इतका वेळेवर. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मला प्रत्येक गोष्टीचे वेळापत्रक करायची खोड होती. ती अजून गेलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अभ्यासाच्या वेळापत्रकाशेजारी मी तापाचाही रकाना आखला. बारा वाजता थंडी, बारा पस्तीसला दात वाजणे, दीडला ताप, चारला घाम, पाचला भूक. भूमिती आणि इंग्रजी मी बिनतापाच्या दिवशी ठेवत असे. तापाच्या दिवशी सकाळी इतिहास वाचायचा, कारण दुपारी तापात राजे आपोआप दिसत.

हसण्यावारी नेत होते खरी, पण त्या वर्षी माझे सगळे त्या परीक्षेवर टांगलेले होते. धामणगावहून एक स्थळ सांगून आले होते. घर चांगले, मुलगा शिकलेला, आणि त्यांना वैशाखात लग्न हवे होते. वडील वकील होते. त्यांना मला कॉलेजात घालायचे होते, आणि आजीला धामणगावला. शेवटी वडिलांनी कोर्टात करतात तशी तडजोड केली. मी पहिल्या फटक्यात मॅट्रिक झाले तर कॉलेज, नापास झाले तर वैशाख. आजीने हे लगेच मान्य केले. एक दिवसाआड चार गोधड्यांखाली पडलेली मुलगी मॅट्रिक होत नसते, हे सांगायला तिला वकील लागत नव्हता.

कार्तिकात नगरपालिकेचा मलेरिया इन्स्पेक्टर आमच्याकडे आला. पुण्याकडचा तरुण माणूस होता. खाकी अर्धी विजार, डोक्यावर साहेबी टोपी आणि हातात लांब दांड्याचा पळा. मागून म्हातारा चपराशी पत्र्याचा डबा सांभाळत आला. आमची विहीर परसात होती, अर्धी आमची आणि अर्धी शेजारच्या माळीणबाईची. आमच्या बाजूला रहाट, तिच्या बाजूला मोट. पलीकडे तिची वांगी, मेथी आणि शेवंतीचे वाफे. ती वाफ्यातून हात पुसत मजा बघायला आली.

इन्स्पेक्टरने विहिरीत उतरून पळा बुडवला आणि वर येऊन आजीसमोर धरला.

"आजी, हे काय आहे?"

"पाणी," आजी म्हणाली.

"पाण्यात वळवळतंय ते?"

"ते पाण्यातच असते. मंग काय भाकरीत असन?"

"अहो, ही डासांची पिल्लं आहेत. यांचेच डास होतात आणि तुमच्या नातीला चावतात. स्वच्छ विहिरीतच वाढतात हे हिवतापाचे डास."

"आमची इहीर स्वच्छ आहे म्हणतो ना हा?" आजीने माळीणबाईला साक्षीला घेतले. "आयकलं ना तुनं?"

इन्स्पेक्टरने मग दोन उपाय सांगितले. एक म्हणजे पाण्यावर आठवड्याला रॉकेल शिंपडायचे.

"देवाले रॉकेलनं आंघोळ घालू? आन् वरून काडी बी लावू?"

दुसरा उपाय डब्यात होता. बोटाच्या पेराएवढे, राखी रंगाचे बारीक मासे. सोवळ्याच्या विहिरीत मासे सोडायचे हे ऐकून आजी पदर खोचून काठावर उभी राहिली. वडिलांना ओसरीवरून बोलावणे गेले. ते पक्षकाराला बसवून आले आणि त्यांनी परसात दहा मिनिटे बाजू मांडली. गंगेत मासे आहेत, गंगा बाटत नाही. देवाने पहिला अवतार घेतला तो माशाचा, वराहाचा नंबर नंतर लागला. या डब्यात तर देवाचे सगळे कुटुंब आहे. त्याला दारातून परत पाठवायचे का?

आजी विरघळली. एवढ्यात इन्स्पेक्टरच्या तोंडून एक वाक्य जास्त गेले.

"आणि आजी, यांना खायला घालायची कटकट नाही. ते पिल्लंच खातात."

"काय खातात?"

"डासांची पिल्लं. दिवसभर."

"जित्ती?"

"म्हणजे काय, जिवंतच!"

आजी काहीच बोलली नाही. मासे विहिरीत गेले. आजीचे गप्प राहणे हे होकाराचे लक्षण नसते, हे इन्स्पेक्टरला माहीत असायचे काही कारण नव्हते. आम्हाला माहीत होते, पण आम्हीही चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने कणीक भिजवताना एक गोळा बाजूला काढला. त्याच्या मोहरीएवढ्या गोळ्या वळल्या, तुळशीला पाणी घालून विहिरीवर गेली आणि त्या एकेक करून सोडल्या. मी विचारले तेव्हा म्हणाली, "आपल्या घरी राह्याचं तर आपल्या घरचं खा म्हणा. माह्या इहिरीत जीवहत्या नाई चालाची."

थोडक्यात, नगरपालिकेने मासे डास खायला पाठवले आणि आजीने त्यांना शाकाहारी करायला घेतले.

मला यात काही वावगे वाटले नाही, हे लाज सोडून सांगते. शाळेत आम्हाला आरोग्याचे इंग्रजी पुस्तक होते. त्यातले डासाचे चित्र मी मुळाबरहुकूम काढू शकत असे, पायांच्या सांध्यांसकट. हिवतापाचा डास भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसतो, हे मी घरात सर्वांना शिकवले होते. त्यामुळे वडीलसुद्धा डास मारण्यापूर्वी चष्मा लावून त्याची बैठक बघत आणि तेवढ्यात तो उडून जाई. एवढी विद्या असूनही बिनतापाच्या दिवशी सकाळी कणकेच्या गोळ्या वळून देणारी मीच होते. माझ्या गोळ्या आजीच्या गोळ्यांपेक्षा एकसारख्या होत, असे तिने शेजारी सांगितलेही होते.

महिन्याभरात मासे आळीत प्रसिद्ध झाले. आजी काठावर आली की ते कोपऱ्यात गोळा होत. माशांना खाऊ घालण्यात पुण्य असते हे सगळ्यांना माहीत होते, पण त्यासाठी नदीवर जावे लागे. आता पुण्याची सोय परसात झाली. बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या वाटीत कणीक घेऊन येऊ लागल्या. एकादशीला आजी माशांना राजगिऱ्याचे पीठ देई, कणीक नाही. माळीणबाई मोटेपाशी उभी राहून बघे.

"माय, त्यायले डास खाऊ द्या ना वो. डास काय तुमच्या गोतातले हायेत?"

"तुह्या वांग्याकडे पाह्य तू."

"माही वांगी बरी हायेत. मासे फुगले तुमचे. एकदिशी त्यायचं बाळंतपण कराची पाळी येईन तुमच्यावर."

पौषात इन्स्पेक्टर पुन्हा आला, मोठ्या उमेदीने पळा बुडवला आणि बराच वेळ त्यात बघत राहिला. पिल्ले पहिल्यापेक्षा जास्त होती. त्याने मासे बघितले. मासे ठणठणीत होते, जरा जास्तच. त्याने वहीत काही लिहिले, खोडले, आणि आठ दिवसांनी मासे कमी पडले असतील म्हणून आणखी एक डबा आणून ओतला. आजीने नव्या मंडळींनाही दुसऱ्या दिवशी पंक्तीला बसवले. कणीक वाढवली एवढेच. त्या बिचाऱ्याला कोणी काही सांगितले नाही, कारण त्याने विचारलेच नाही. विहिरीवरच्या पाहुण्यांना आजी जेवू घालते ही बातमी आहे असे आम्हा कोणाला वाटत नव्हते.

माझा ताप मध्ये कमी होई आणि पुन्हा येई. पोस्टातून आणलेले क्विनाईन मी गुळात घालून गिळत असे. त्याने कान असे घुमत की मास्तरीणबाई काय म्हणतात ते त्यांच्या ओठांवरून ओळखावे लागे. माघात ताप पुन्हा एक दिवसाआडवर आला. परीक्षेला दीड महिना राहिला होता, आणि मी वेळापत्रक पुढे नेऊन पाहिले तर इंग्रजी, भूमिती आणि संस्कृत तिन्ही तापाच्या रकान्यात पडत होते. लग्नाचा मुहूर्त धरता यावा म्हणून आजीने धामणगावला पत्र पाठवून पोरीचा जन्ममास कळवला. तिचे चुकत नव्हते. कोणीही तेच केले असते.

त्याच आठवड्यात एका सकाळी आजीला सर्दी झाली म्हणून माशांना घालायला मी विहिरीच्या पायऱ्या उतरून गेले. गोळ्या टाकल्या. सगळे मासे, नवे आणि जुने, एका कोपऱ्यात जमून भांडू लागले. ऊन सरळ पाण्यात पडले होते. समोरच्या कोपऱ्यात, हातभर अंतरावर, डासांची पिल्ले पाण्याच्या पृष्ठाला लागून आडवी तरंगत होती, पुस्तकातल्या चित्रात दाखवली होती अगदी तशी. एक मासा खाऊन त्यांच्यातून गेला. त्याने ढुंकूनही पाहिले नाही. आपल्याकडे श्राद्धाचे जेवून उठलेला माणूस चणेवाल्यासमोरून जातो, तसा गेला.

मी वाटी घेऊन तिथेच बसले. कणीक माझ्या नखांत होती.

वडिलांना सांगितले तर ते आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "हे तू आजीला सांग."

"तुम्ही सांगा ना, बाबा. तुम्ही वकील आहात."

"म्हणूनच सांगतो. मत्स्यावताराचा मुद्दा माझा होता. आता मला उलट बोलता येत नाही."

मी सांगितले. आजी चुलीपाशी सुंठीचा काढा पीत होती. मी माशांचे, पिल्लांचे आणि डासांचे सगळे क्रमाने सांगितले. मध्ये कुठे आवाज चढू दिला नाही. तिचा फायदा कशात आहे ते मला माहीत होते, तिलाही माहीत होते. मासे जेवत राहिले तर डास वाढतील, डास वाढले तर ताप राहील, ताप राहिला तर वैशाख पक्का. तिने फक्त रोजच्यासारखी कणीक भिजवायची होती. कोणी तिला दोष दिला नसता.

"म्हणजे माह्या हातानं तुले ताप आणून राहिली मी?"

"तसं नाही, आजी."

"तसंच आहे. गोलगोल नको बोलू."

माशांना तिने आणखी दोन दिवस वाढले, पण मन लावून नाही. महाशिवरात्रीला सकाळी आंघोळ करून विहिरीवर गेली, हळदकुंकू वाहिले आणि मोठ्याने सांगितले, "आजपासून हिची परीक्षा होतपर्यंत तुमाले उपास."

घरात येऊन मला म्हणाली, "धामणगाव मले पाह्यजेच आहे. पण जितीन तर सरळ जितीन. माशायच्या आडून नाई."

"मग आजी, ते आता पिल्लं खातील."

"मी वाढत नाई. ते काय खातात ते मी पाहत नाई."

आणि खरोखरच ती त्या दिवसापासून विहिरीकडे पाठ करून पाणी काढू लागली. रहाट मागे हात करून ओढायचा म्हणजे काय दिव्य असते ते करून बघा. निम्मे पाणी तिच्या पायांवर पडे.

खरी अडचण आळीची झाली. बायका सवयीप्रमाणे वाट्या घेऊन येऊ लागल्या, तर आजी काठी घेऊन काठावर बसलेली.

"परत जा. उपास आहे त्यायचा."

"मासे कायचा उपास करून राहिले वो?"

"हिच्या मॅट्रिकचा."

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या आळीत गेली. दोन दिवसांनी एक बाई मुलाला हाताला धरून आल्या. तो माझ्याच परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होता आणि तोंड लपवत होता. "आजी, त्यायले आमच्या याचंही नाव सांगून ठेवता काय? उपास तर करूनच राहिले ते." आजीने मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "याच्यासाठी मोठे मासे लागतीन." तरी नावे येत राहिली. शेवटी माशांच्या उपासावर पाच मुलगे, मी आणि एका कारकुनाची बढती एवढे अवलंबून होते. माळीणबाई म्हणाली, "बिचारे गरीब मासे. मालक पास होऊन राहिले आन् उपाशी हे."

तीन आठवड्यांनी इन्स्पेक्टर आला. पळ्यात एकही पिल्लू नाही. दुसऱ्यांदा बुडवला, तिसऱ्यांदा बुडवला. शेवटी दुसऱ्या डब्यातल्या माशांची जात सरस आहे असा निष्कर्ष काढून त्याने तो वहीत लिहिला. नागपुरापर्यंत तो गेला असेल. आजीने त्याला पन्हे दिले आणि काही सांगितले नाही. उपासाचा उच्चार केला की फळ जाते असे तिचे मत होते. आळीभर सांगून झाल्यावर हे मत तिला आठवले, पण त्याच्यापुरते तिने ते पाळले.

घरातल्यांचे ताप उतरले. माझाही थांबला. हिवताप अंगात दडून बसतो आणि माशांचे त्याच्यापुढे काही चालत नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्या वर्षी मी एवढेच केले की तापाचा रकाना कोरा ठेवायला शिकले.

परीक्षेचे केंद्र अमरावतीला होते. मी मामांकडे उतरले. पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी भूमिती. सकाळी अंघोळीच्या वेळी पाठीतून ओळखीची शिरशिरी गेली, आणि मी समजले की पाहुणा आज येणार. पेपर अकरा ते दोन. थंडी बाराला, दात बारा पस्तीसला. मी टांग्यातच ठरवले, कंपास लागणारे प्रश्न आधी. वर्तुळे बाराच्या आत उरकायची, सिद्धांत नंतर. अक्षर वाकडे चालते, वर्तुळ वाकडे चालत नाही.

अकरा पन्नासला माझी शेवटची स्पर्शिका ओढून झाली. बाराला मी थरथरू लागले. देखरेखीच्या बाई लठ्ठ होत्या आणि संशयी होत्या. बाहेर चैत्राचे ऊन तापलेले आणि एक मुलगी बाकावर लटलट कापते आहे, याचा त्यांनी एकच अर्थ काढला. त्यांनी माझे बाक तपासले, वही झटकली, कंपासपेटी उलटी केली.

"कुठं लपवलंय?" त्या म्हणाल्या. "भिऊ नकोस, काढून दे."

मी इंग्रजीत सांगितले की मी भ्यायलेली नाही, हा हिवताप आहे, आणि आणखी पंचवीस मिनिटांनी माझे दात वाजतील, तेव्हा इतर मुलींना त्रास होईल त्याबद्दल मी आधीच क्षमा मागते. बाईंनी मनगटावरचे घड्याळ बघितले. बारा पस्तीसला दात वाजू लागले. त्या उठल्या, आपल्या टेबलावरचे हिरवे बनातीचे कापड दौतीखालून ओढून काढले आणि माझ्या खांद्यांभोवती गुंडाळले. त्यावर शाईचे इतके डाग होते की मी अर्धे सिद्धांत त्यांच्याकडे बघत आठवले. शेवटचा सिद्धांत कोणाला वाचता आला असेल असे वाटत नाही. दोन वाजता बाईंनीच मला धरून टांग्यात बसवले.

निकालाचे वर्तमानपत्र वडिलांनी कचेरीतून आणले. मी पास झाले होते. भूमितीत जेमतेम, म्हणजे बाराच्या आधीचेच गुण मिळाले असावेत. पाच मुलग्यांपैकी तीन पास झाले. कारकुनाचे काय झाले ते कळले नाही.

वडील म्हणाले, "क्विनाईनचा गुण." मी म्हणाले, "वेळापत्रकाचा." आजी माजघरात जाऊन पाट घेऊन आली, माझ्यासमोर मांडून बसली आणि म्हणाली, "कागद घे. धामणगावले पत्र लिही."

तडजोड वडिलांची होती, पण आजी तिच्यातून वाट काढू शकेल असे मला नेहमीच वाटत असे.

"काय लिहू?"

"लिही की स्थळ चांगलं आहे. आमाले पसंत होतं. पण पोट्टी पुढं शिकून राहिली."

"आजी, खरंच?"

"मंग? माश्यायनं दीड महिना उपास काढले ते तुनं धामणगावले जाऊन पोळ्या लाटाव्या म्हणून काढले काय? लिही. लिही की पोरगी सध्या रिकामी नाई."

मी तसेच लिहिले. फक्त "नाई"चे "नाही" केले.